बटणांचा डबा

९ जानेवारी

भिंगरे,

आशीर्वाद. ते आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचून तुला राग आला तरी ते तुझ्या पदरात पडलेले असतील.

मी पोचले. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. शेजारच्या बाईने सहा तास सुनेची गाऱ्हाणी सांगितली. माझ्याबद्दल तिने एकदाही काही विचारलं नाही, ते बरंच झालं. माझी छत्री त्या वर्गात राहिली, मागच्या खिडकीच्या गजाला अडकवलेली. जुनी आहे, पण काड्या सगळ्या शाबूत आहेत. जमलं तर आण.

आता झालेल्या प्रकाराबद्दल. माझ्या मते चूक माशीची.

वीस मिनिटं काय सुंदर चालला होता तुझा पाठ! दशांश चिन्ह एक घर सरकलं की आकड्याची कशी पत जाते, ते तू फळ्यावर असं काढून दाखवलंस की मलासुद्धा कळलं, आणि मी दुसरीतून उठलेली. डावीकडचं पोर बोललं की माझी करंगळी, उजवीकडचं बोललं की अंगठा, मधलं बोललं की मूठ. तू लगेच त्याच्याकडे वळायचीस. तू सात वर्षांची असल्यापासून आपण घरी हेच करत आलो. चार माणसं बोलायला बसली की मी मांडीवर बोट हलवायचे आणि तू बोलणाऱ्याच्या तोंडाकडे गर्रकन वळायचीस. त्यावरूनच तर तुझं नाव भिंगरी पडलं. परीक्षक पहिल्या बाकाशी बसले होते, त्यांची पाठ माझ्याकडे. कुणाला कळणार होतं?

मग ती मेली माशी माझ्या नाकावर बसली. मी हात झटकला, आणि तू डावीकडच्या जाड्या मुलाला म्हणालीस, "शाब्बास, अगदी बरोबर!" त्याने तोंडही उघडलं नव्हतं. उत्तर खिडकीजवळच्या मुलीने दिलं होतं, आणि तेही चुकीचं. सगळा वर्ग खो खो हसला. परीक्षक मागे वळले तेव्हा माझा हात हवेतच होता.

न बोलावता आले, हे कबूल. पण शेवटचा सराव पाठ, त्यात नापास झालीस तर वर्ष गेलं, हे तूच मागच्या सुट्टीत म्हणाली होतीस. मग मी काय घरी बसून भाजी निवडू? त्या शाळेची घंटा वाजवणारी बाई माझ्याहून थोडीच लहान निघाली. मी एकतीस वर्षं हेच काम केलं म्हटल्यावर तिने स्वतःचं स्टूल उचलून मला वर्गात मागे ठेवून दिलं. घंटेवाल्यांचं गोत एकच असतं.

त्यानंतर मी परीक्षकांना जे बोलले ते घाईत बोलले. ते इथे लिहीत बसत नाही.

तसंही गेली दोन वर्षं तू माझ्याशी धड बोलतेस कुठे? सुट्टीत येतेस, मी बोलते, तू मान हलवतेस. मागच्या खेपेला विचारलं, चहा करू की सरबत? तर म्हणालीस, "हो." शिकलेली माणसं. आमच्यासारख्यांच्या बोलण्याकडे कशाला बघतील?

पत्राचं उत्तर पत्राने दे. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ते बोटांनी टिकटिक लिहिता येत नाही.

आजी

१८ जानेवारी

भिंगरे,

उत्तर नाही. ठीक आहे. माझ्याकडे वेळ आहे.

शेजारची शिवणवाली काल फोन घेऊन आली. तुझ्या खोलीतल्या मैत्रिणीने तिला निरोप पाठवलाय, हे तुला माहीत नसेल तर आता झालं. चोवीस फेब्रुवारीला तुझा पाठ पुन्हा घेणार म्हणे. पण त्याआधी एक कागद भरून द्यायचा. एक तर "मला व्यवस्थित ऐकू येतं" म्हणून सही करायची. मग वर्गात बाहेरचं कुणी नको, सवलत नको, सगळ्यांसारखी परीक्षा. नाहीतर डॉक्टरांकडून कान तपासून "ऐकू कमी येतं" असं लिहून द्यायचं, म्हणजे ते काय हवं नको ते बघतील. मैत्रीण म्हणते, तू तो कागद पुस्तकात घालून ठेवलायस. कशावरच खूण केलेली नाहीस आणि ताटावरून अर्ध्यावर उठतेस.

मी सांगते. पहिल्यावर सही कर.

झाकली मूठ सव्वा लाखाची. आमच्या शाळेत एक सर होते, पाय ओढत चालायचे. गणित असं शिकवायचे की मी पाण्याचा हंडा खाली ठेवून दाराशी उभी राहायचे. बावीस वर्षं शिकवलं त्यांनी. त्यांना मुलं काय म्हणायची? लंगडे सर. बाकीचे शिक्षक काय म्हणायचे? तेच, पण हळू आवाजात. गणिताचे सर असं कुणी एकदाही म्हटलं नाही. निवृत्त झाले त्या दिवशी हेडबाईंनी भाषणात सांगितलं, अपंग असूनही त्यांनी अमुक केलं, तमुक केलं. सर खाली मान घालून बसले होते. मला वाटलं, आता उठतील आणि म्हणतील, अहो, माझा पाय शिकवत नव्हता. पण उठले नाहीत. हार घेतला आणि घरी गेले.

तुला तसलं भाषण ऐकायचंय? एकदा लिहून दिलंस की तू बाई नाहीस, बहिरी बाई. मग कितीही चांगलं शिकव, ते "असूनही"च राहणार.

शिवणवालीला एक काळं बटण हवं होतं. म्हणाली, "आजी, तुमच्या डब्यात ढीगभर असतील." मी म्हटलं, नाहीत. तिने फळीवरच्या डब्याकडे हात नेला तर मी तिच्या मनगटावर चापट मारली. बिचारी हिरमुसली. माझ्या बटणांच्या डब्याला कुणी हात लावलेला मला चालत नाही, हे तुला ठाऊक आहे. तिला कुठून ठाऊक असणार?

सही कर. जेवत जा.

आजी

२९ जानेवारी

भिंगरे,

काल रेडिओवर दोन माणसं वाद घालत होती. एक घोगरा, एक चिरका. भाजी चिरता चिरता बघते तर घोगऱ्याला माझा अंगठा हलतोय आणि चिरक्याला करंगळी. समोरच्या खुर्चीवर कुणी नव्हतं. मी सुरी ठेवली आणि रेडिओ बंद केला.

या खोलीत आता नळाचा आवाज सगळ्यात मोठा आहे. सकाळी साडेदहाला मी अजून उठून उभी राहते. एकतीस वर्षांची सवय. हात वर जातो, तिथे दोरी नसते, मग उगाच फळीवरची धूळ पुसते. म्हणून सध्या घर फार स्वच्छ आहे.

एक सांगायचं होतं. तू विचारलं नाहीस, पण परीक्षकांना जे कळत नाही ते मला कळतं. मी एकतीस वर्षं वर्गांच्या बाहेरून फिरले आहे. वर्गातली शांतता दोन तऱ्हेची असते. एक भीतीची, तिच्यात बाकं करकरत नाहीत. दुसरी, पोरं बघण्यात गुंतलेली असतात तेव्हाची. तिच्यात बाकं करकरतात, कारण प्रत्येक जण पुढे सरकत असतो. तुझ्या वर्गात बाकं करकरत होती. तुला ते ऐकू आलं नसेल म्हणून लिहिते.

आणि तुला शिकवता येतं की नाही हे मला कुणी कागदावर लिहून द्यायची गरज नाही. हे पत्र वाचतेयस ना? मला जोडाक्षरं कुणी शिकवली? तू नऊ वर्षांची होतीस. हातात फूटपट्टी, चेहरा असा की मीच घाबरायचे. मी "क्ष" चुकवला की म्हणायचीस, "आजी, माझ्याकडे बघ. तोंडाकडे." आणि ओठ एवढे मोठे करून बोलायचीस. मी हसले की पट्टी. दुसऱ्या कुठल्या बाईंनी मला शिकवलं असतं? मी पाणी भरून यायचे तेव्हा त्या सगळ्या चहा पीत असायच्या.

असो. नऊ तारखेच्या पत्रात मी एक गोष्ट खाल्ली होती. ती आता लिहिते.

परीक्षकांनी तुला विचारलं, ऐकण्याचा काही त्रास आहे का? तू म्हणालीस, "नाही, सर." मीच शिकवलेलं उत्तर. त्यांना ते पटलं नाही. मग मी मागून उठले आणि म्हणाले, "तिला ऐकू येतं हो साहेब. तिचं लक्ष नसतं, एवढंच."

मला वाटलं, मी तुला सोडवलं.

त्यांनी ते वहीत लिहिलं आणि वही तुझ्यासमोर धरली. तू वाचलंस. बाहेर व्हरांड्यात येऊन मला म्हणालीस, "आजी, बाई बहिरी चालते. बेफिकीर चालत नाही." आणि गेलीस. मागे वळून बघितलं नाहीस. तुझ्या पाठीमागे मी हाका मारत होते, ते मागाहून लक्षात आलं. पाठमोऱ्या माणसाला हाका मारून काय उपयोग, आणि त्यातून तुला.

म्हण आहे ना, आपलेच दात आणि आपलेच ओठ. माझे तर दातही गेले. शिवणवाली मागे लागली आहे, कवळी बसवून घ्या म्हणून. मला कुणाला हसून दाखवायचंय?

आजी

५ फेब्रुवारी

छत्री मिळाली. आत चिठ्ठी असेल म्हणून उघडून बघितली, उलटी करून झटकली. नव्हती.

पण बांधलेल्या दोरीची गाठ तुझी होती. दुहेरी. ती मी सोडली नाही, कापलीही नाही, दोरी तशीच सरकवून काढली.

आजी

९ फेब्रुवारी

भिंगरे,

हे पत्र मी चार वेळा सुरू केलं. आता सरळ लिहिते, नाहीतर कागद संपेल.

या पत्राबरोबर जो डबा आहे तो आधी उघडू नकोस. उघडला असशील तर ठेव बाजूला आणि वाच.

सात वर्षांची असताना तुला तो ताप आला. तुझी आई जाऊन दोन वर्षं झाली होती, बाप दुसरा संसार मांडून बसला होता. घरात तू आणि मी. ताप उतरला आणि तू मागून हाक मारली की बघेनाशी झालीस. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी कान तपासले आणि एक यंत्र दिलं. कातडीच्या रंगाचं, काजूसारखं वाकडं, कानामागे बसणारं. तुला आठवतं. तिसऱ्या दिवशी तू धावत माझ्याकडे आलीस आणि म्हणालीस, "आजी, तुझी घंटा केवढी मोठी आहे गं!"

नऊ दिवस तू ते घातलंस. दहाव्या दिवशी ते हरवलं. तुला हे असंच माहीत आहे.

ते तू हरवलं नव्हतंस. मी लपवलं.

नवव्या दिवशी हेडबाईंनी मला खोलीत बोलावलं. म्हणाल्या, यंत्राच्या मुलांसाठी वेगळी शाळा आहे, नदीपलीकडे, राहण्याची सोय आहे, आपल्या वर्गात तिचं कसं व्हायचं? सोमवारी घेऊन जा. मी "हो बाई" म्हटलं. घरी आले. तू आंघोळीला गेलीस, यंत्र फळीवर काढून ठेवलंस. मी ते उचललं आणि बटणांच्या डब्यात तळाशी घातलं. दुसऱ्या दिवशी जाऊन हेडबाईंना सांगितलं, डॉक्टरांची चूक झाली होती. ऐकू येतं तिला. लक्ष नसतं, एवढंच.

ते वाक्य तेव्हाचं आहे. त्याने तू त्या शाळेत राहिलीस. त्याच वाक्यामुळे पुढे आठ वर्षं छड्या खाल्ल्यास, लक्ष नाही म्हणून. मी बाहेर स्टुलावर बसलेली असायचे. मोजलेल्या नाहीत, पण सगळ्या ऐकल्या आहेत.

आणि तू ते यंत्र शोधलंस, आठवतं? चार दिवस. मैदानात, नळाखाली, झाडाच्या आळ्यात. मी तुझ्याबरोबर शोधत होते. गटारात काठी घालून ढवळत होते. चौथ्या दिवशी तू रडायला लागलीस, तेव्हा मी तुला एक ठेवून दिली. म्हटलं, वस्तू सांभाळता येत नाही!

कॉलेजात गेलीस तेव्हा एकदा तू विचारलंस, "आजी, पुन्हा यंत्र घेऊ का?" मी म्हटलं, "पहिलं सांभाळलंस?"  पुन्हा कधी विषय काढला नाहीस.

कालपर्यंत मी स्वतःला सांगत होते, हे सगळं तुझ्या भल्यासाठी केलं. लोकांनी तुला नावं ठेवू नयेत, तू चारचौघांसारखी शिकावीस. ते थोडं खरं आहे. लंगड्या सरांचंही खरं आहे. पण काल डबा खाली काढला, बटणं ताटात ओतली, आणि तळाशी ते बघितल्यावर मला माझं मन कळलं. तुला सोमवारी नदीपलीकडे नेलं असतं तर संध्याकाळी या खोलीत मी एकटी परत आले असते. मला घरात कुणीतरी हवं होतं. बस्स. एवढीच गोष्ट आहे. बाकी सगळं मी त्यावर मागाहून शिवलं.

आता डबा उघड. बटणं शिवणवालीला दिली. यंत्र चालणार नाही, आतल्या सेलने हिरवं पाणी सोडलंय. तरी ते तुझं आहे.

कागदावर कुठे सही करायची ते मी सांगणार नाही. माझ्या सांगण्याने काय होतं ते बघितलंस.

आजी

२० फेब्रुवारी

भिंगरे,

पार्सल पोचल्याची पावती आली. त्यावर सही तुझीच आहे, मी ओळखली.

शिवणवाली विचारते, आजी, आताशा तुम्ही भांडत का नाही? मी म्हटलं, तोंड दुखतंय.

मंगळवारी तुझा पाठ. मी येत नाहीये. हे मुद्दाम लिहिते, नाहीतर तू सगळा वेळ मागच्या खिडकीकडे बघत बसशील.

आजी

४ मार्च

भिंगरे,

तुझं पत्र आलं. दीड पान. मी उभ्यानेच वाचलं, मग बसून वाचलं. मग शिवणवाली आली, तर तिला हाकललं आणि पुन्हा वाचलं.

तुझी पत्रं मी जपून ठेवते, पण माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही. म्हणून त्यातलं थोडं इथे उतरवून काढते. चुकलं असेल तर तू सांगशीलच.

तू लिहितेस:

"मी दुसऱ्या रकान्यावर खूण केली. तुझा डबा यायच्या आदल्या दिवशीच केली होती, हे तुला कळावं म्हणून लिहिते. तुझ्यामुळे नाही. मला त्या वहीतलं वाक्य माझ्या नावापुढे नको होतं.

"पाठाच्या सुरुवातीला वर्गाला सांगितलं, मला कमी ऐकू येतं. बोलायचं असेल तर हात वर करा, उभे राहा, माझ्याकडे तोंड करा, आणि एका वेळी एकच. मी फळ्यावर लिहीत असताना बोलू नका, तेव्हा मी तुमची नसते. पहिली पाच मिनिटं फार वाईट गेली. माझा आवाज थरथरला असणार, घशाला हात लावल्यावर कळत होतं. मग तो जाडा मुलगा उठला, तोच, ज्याला मी उगाच शाब्बासकी दिली होती. हात वर करून, एकेक शब्द वेगळा काढत म्हणाला, 'बाई, आज तरी मी खरंच उत्तर देऊ का?' वर्ग हसला. मीही हसले. या वेळी कशाला हसतायत ते मला कळलं होतं.

"परीक्षकांनी शेरा दिलाय तो असा: या वर्गातली मुलं दुसऱ्याचं बोलणं संपेपर्यंत थांबतात. हे शिक्षिकेने कसं साधलं याची नोंद घ्यावी. पास आहे. यंत्र दोन महिन्यांनी मिळेल, दोन्ही कानांना. त्यानेही सगळं ऐकू येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. चालेल.

"तू पाठवलेलं यंत्र मी वर्गात टेबलावर ठेवलं होतं. का, ते मलाही माहीत नाही. एका मुलीने विचारलं, 'बाई, हे बिघडलेलं कसं?' मी म्हटलं, खूप वर्षं हरवलं होतं. ती म्हणाली, 'तुम्ही हरवलं होतं?' मी म्हटलं, नाही.

"आजी, पंधरा वर्षांत हे मी पहिल्यांदा म्हटलं.  टेबल धरावं लागलं.

"मी तुला माफ केलेलं नाही. ते होईल की नाही माहीत नाही. तू एवढ्यात येऊ नकोस. मी बोलावेन तेव्हा ये. आणि आलीस तरी उपयोग नाही, कारण तू बोललेलं मला कळत नाही. तुझे दात गेल्यापासून तुझे ओठ आत गेले, मला ते वाचता येत नाहीत. दोन वर्षं झाली. चहा की सरबत, तेही कळलं नव्हतं. तुला वाईट वाटेल म्हणून नुसती मान हलवत राहिले. झाकली मूठ. तुझीच नात."

इथपर्यंत उतरवलं. पुढे तू फक्त नाव लिहिलंयस. भिंगरी नाही, शाळेतलं पूर्ण नाव, आणि त्याखाली: शिक्षिका. तेही जोडाक्षर मी एका दमात वाचलं.

तुझ्या रागाबद्दल मला काही म्हणायचं नाही. ठेव. माझ्याकडे वेळ आहे असं मी म्हणायचे, पण मी आता सदुसष्ट वर्षांची आहे, तेव्हा तेवढं लक्षात असू दे. झालं.

आजी

२५ मार्च

भिंगरे,

दातांचा डॉक्टर अगदीच लहान आहे, मिसरूड आत्ता फुटल्यासारखं. तोंडात काहीतरी चिकट भरलं आणि म्हणाला, "आजी, हलायचं नाही, बोलायचं नाही." शिवणवाली बाहेर बसली होती. ती म्हणाली, "डॉक्टर, हे तुम्हाला कसं जमलं?"

तीन फेऱ्या झाल्या. आठवड्यापूर्वी कवळी मिळाली. परत येताना शिवणवाली म्हणते, "काय आजी, या वयात लग्न ठरलं की काय?" मी म्हटलं, "हो, तुझ्या सासऱ्याशी. तयारीला लाग."

कवळी बोचते. खालच्या हिरडीला डाव्या बाजूला घट्टा पडलाय. बोलताना खटखट वाजते, पण त्याचा तुला त्रास नाही. पहिल्या दिवशी "प" आणि "म" बरे निघाले, "फ" म्हणायला गेले तर वरचे दात बाहेर येऊन ताटात पडले. मी धुऊन परत बसवले.

खिडकीच्या खाली खुर्ची ओढली आहे, कारण तिथे उजेड तोंडावर पडतो. फळीवर बटणांच्या डब्याची जागा रिकामी होती, तिथे छोटा आरसा टेकवला. साडेदहाला उठून उभी राहण्याऐवजी आता मी तिथे बसते. तू मला शिकवायचीस तसं करते, ओठ मोठे, घाई नाही, हात तोंडापुढे नाही. एकच वाक्य म्हणते. लहानच आहे, तीन शब्दांचं, मधल्या शब्दात तो मेला "फ" आहे. सदुसष्ट वर्षांत मी ते कुणाला म्हटलेलं नाही, तुझ्या आजोबांनाही नाही, त्यामुळे जीभ वळायला वेळ लागतोय. आज अकरा वेळा म्हटलं. त्यात दोनदा आरशातल्या बाईचं तोंड वाचता आलं असतं असं वाटतं.

बाकी सगळं पत्रात लिहून झालं. हे लिहिणार नाही. तू बोलावशील त्या दिवशी मी मागे बसणार नाही, पहिल्या बाकावर बसेन. हात वर करेन, उभी राहीन, तुझ्याकडे तोंड करेन. मग वाच.

आजी